परवाना आणि न्यायालय

अंधेरीच्या एखाद्या मद्यविक्रेत्याचा परवाना निलंबित होतो, तेव्हां दुकानाला लागलेल्या कुलपामागें नोकरांचा पगारही अडकतो. असा मनुष्य न्यायालयांत गेल्यास त्यानें मागावें तरी काय? दारू विकणें हा आपला मूलभूत हक्क, असें म्हणून त्याचा निभाव लागणार नाहीं. खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यांत, 1994 सालीं, सर्वोच्च न्यायालयानें तसा हक्क साफ नाकारला. आणि तें योग्यच झालें.

मग हातीं उरतें काय? उरते ती रीत. 1949 च्या मद्यनिषेध कायद्याच्या 54 व्या कलमानें निलंबनाचा अधिकार अधिकाऱ्यास दिला खरा. परंतु कारणें लेखी नमूद करण्याचें बंधनही त्याच कलमानें घातलें. ‘अटींचा भंग झाला’ एवढेंच मोघम लिहून भागत नाहीं. कोणती अट आणि कसा भंग, हें हुकुमांत दिसावें लागतें.

उपनगर जिल्ह्याच्या कलेक्टरांचा हुकूम झाल्यास अपील उत्पादन शुल्क आयुक्तांकडे करावें लागतें. त्यापुढें राज्य सरकार, आणि अखेर उच्च न्यायालय. मधल्या पायऱ्या गाळून थेट उच्च न्यायालयांत धांवणाऱ्यास बहुधा परत पाठवितात. मात्र नोटीसच दिली नसेल, म्हणणें ऐकूनच घेतलें नसेल, तर न्यायालय तेवढा आग्रह धरीलच असें नाहीं.

खरी अडचण वेळेची. थोड्या दिवसांचें निलंबन अपिलाची तारीख लागण्यापूर्वींच संपून जातें. म्हणून जाणता वकील अपिलाबरोबरच हुकुमास अंतरिम स्थगिती मागतो.