संगीताचे पदव्युत्तर शिक्षण : मार्ग आणि निवड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षण-साहाय्य समितीच्या विनंतीवरून मी आज संगीतातील पदव्युत्तर शिक्षणाविषयी चार शब्द बोलणार आहे. मुलाला अभियंता किंवा मुलीला डॉक्टर करावयाचे असेल तर चौकशी कोठे करावी, हे आपल्या घरोघरी ठाऊक असते. परंतु पदवीधर मुलीने 'मला गाण्यातच एम. ए. करावयाचे आहे' असे म्हटले की वडीलधाऱ्यांची पंचाईत होते. नकार देण्याइतके ते कठोर नसतात आणि होकार देण्याइतकी माहिती त्यांच्यापाशी नसते. ती माहिती देणे, एवढाच माझा हेतू आहे.

गाणे ही कुलीन घरांत शिकण्याची विद्या नव्हे, अशी समजूत एके काळी दृढ होती. ती मोडून काढण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पेशाने वकील असलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी बंदिशी व रागशास्त्र ग्रंथबद्ध केले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली लखनौला संगीताचे महाविद्यालय निघाले. ते आज भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते. पुढे १९५० मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्या नेतृत्वाखाली संगीताचे अध्यापन सुरू झाले. १९५६ मध्ये खैरागढ येथे केवळ कलांसाठी स्वतंत्र विद्यापीठ निघाले. भातखंड्यांचे शिष्य पं. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी त्याचे कुलगुरुपद भूषविले.

आता प्रत्यक्ष मार्गांकडे वळू. प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद व अलंकार या परीक्षांचा मान मोठा आहे, आणि आपल्याकडील पुष्कळ मुले त्या देतात. परंतु 'विशारद झाला म्हणजे बी. ए. झाला' ही समजूत सरसकट खरी नाही. विशारदाला कोणत्या प्रवेशासाठी ग्राह्य धरावयाचे, हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमांनी ठरविते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या विद्यापीठाकडून लेखी उत्तर मागवावे. ऐन प्रवेशाच्या वेळी हे कळले तर मुलाचे एक वर्ष फुकट जाते.

पदव्युत्तर अभ्यासाच्या दिशा स्थूलमानाने तीन आहेत. पहिली प्रत्यक्ष गायन-वादनाची. हिच्यात परीक्षकांसमोर राग मांडून दाखवावा लागतो व बराच वेळ रियाजाला द्यावा लागतो. पुणे विद्यापीठात १९८७ साली स्थापन झालेल्या ललित कला केंद्राने गुरुकुलाची पद्धत विद्यापीठाच्या चौकटीत आणली, म्हणून या दिशेने जाणाऱ्यांनी तेथे चौकशी अवश्य करावी. दुसरी दिशा संगीतशास्त्राची. श्रुती, राग, ताल, घराण्यांचा इतिहास, लोकसंगीत, जुने ग्रंथ हे तिचे विषय असून ती पुढे पीएच. डी.कडे नेते. मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागाचे पहिले संचालक डॉ. अशोक रानडे यांनी आवाज-साधनेपासून लोकसंगीतापर्यंत केलेले लेखन पाहिले, म्हणजे या दिशेचा विस्तार लक्षात येतो. येथे कान तयार असावा लागतोच, शिवाय संस्कृत व इंग्रजी वाचनाची सवय असल्यास फार उपयोग होतो.

तिसरी दिशा अध्यापनाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साहाय्यक प्राध्यापकासाठी किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी व नेटसारखी पात्रता-परीक्षा हा मुख्य मार्ग सांगितला आहे. मात्र नामांकित गुरूंपाशी शिकलेल्या व आकाशवाणी-दूरदर्शनची 'अ' श्रेणी मिळविलेल्या कलावंतांसाठीही त्यांत काही अटींवर वेगळी वाट ठेवली आहे. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात बारकाईने वाचावी.

निवड करताना इमारत किंवा नाव पाहून भुलू नये. तेथे शिकविणारे कोण आहेत, आठवड्यातून किती तास गुरूंसमोर बसावयास मिळते, आणि घरच्या गुरूंची तालीम चालू ठेवण्यास मोकळीक आहे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. दोन वर्षांच्या वर्गशिक्षणाने कोणी गवई होत नाही. विद्यापीठ देते ती शास्त्राची बैठक, संशोधनाची शिस्त आणि अध्यापनाची पात्रता. गळा घडतो तो गुरूंपाशी व रोजच्या मेहनतीने. दोहोंची सांगड घालणे शक्य आहे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या डॉ. प्रभा अत्रे. विज्ञान आणि कायदा या दोन्ही विषयांच्या पदव्या त्यांच्यापाशी होत्या. सरगम या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाचे प्रमुखपद सांभाळले. हे सर्व करीत असता त्यांची मैफल कधी मागे पडली नाही.

उपजीविकेविषयी मी गोड बोलणार नाही. पूर्ण वेळेच्या जागा थोड्या असतात व अनेकांना तासिकांवर शिकविण्यात वर्षे काढावी लागतात. शिकवण्या, शाळेतील संगीत, ध्वनिमुद्रणांच्या संग्रहालयांतील काम असा जोडधंदा मनात धरूनच पाऊल टाकावे. परंतु अनिश्चितता आहे म्हणून दारच बंद करणे, हा त्यावरचा उपाय नव्हे.

शेवटी समितीपुढे दोन नम्र सूचना ठेवतो. शिष्यवृत्ती देताना संगीताच्या विद्यार्थ्याला इतर शाखांच्या विद्यार्थ्यांच्या पंक्तीस बसवावे. गुरुदक्षिणा व वाद्याचा खर्च हाही त्याच्या शिक्षणाचाच खर्च आहे. दुसरी सूचना पैशाची नाही. परगावी गेलेल्या गाणाऱ्या मुलाला भाड्याची खोली मिळते, परंतु पहाटे तंबोरा लावू देणारा घरमालक सहज मिळत नाही. पुणे, मुंबई, बडोदे येथील आपल्या कुटुंबांपैकी ज्यांची घरे ऐसपैस आहेत, त्यांनी अशा एका मुलाला रियाजापुरती एक खोली मोकळी करून दिली, तर त्याची मोठी अडचण दूर होईल. अशा घरांची नावे समितीने आजच नोंदवून घ्यावीत, ही विनंती.