भेदरलेलं लेकरू वांड नसतं
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान वक्ते नव्हे. गिरणीत राबून, रात्रपाळीहून आल्यावर जे वाचलं, त्यातलं थोडं आपल्यापुढे मांडतो.

पोरगं वर्गात बसत नाही, मारामारी करतं, की आपण शिक्का मारतो, 'वांड आहे!' वर म्हणतो, 'दोन हाणले असते तर सुधारला असता.' आमचं म्हणणं असं की, हाणण्याआधी विचारा, या लेकरानं लहानपणी घरात काय काय सोसलं?

आमचंच सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, तेव्हा आम्ही पाच-सहा वर्षांचे. पगार बंद झाला, बाप दारूला लागला. रात्री भांडी आपटायची, आई मार खायची. आज पन्नाशी आली, तरी शेजारी ताट पडलं की छातीत धस्स होतं. आणि खरं सांगतो, तोच हात आम्ही आमच्या पोरावरही उगारला.

हे दुखणं आपल्याच वस्तीचं नाही. युरोपात रुमानिया देश आहे. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने लोकसंख्या वाढवण्यासाठी १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली. गरिबांना पोरं पोसवेनात, ती सरकारी आश्रमांत गेली. १९८९ मध्ये त्याची सत्ता कोसळली, तेव्हा अशी एक लाखाहून अधिक मुलं होती. पाळण्यातलं मूल रडलं तरी उचलायला कोणी नाही. शेवटी कित्येक मुलं रडायचीच थांबली, एकटीच डोलत बसायची.

२००० च्या सुमारास बुखारेस्ट शहरात अमेरिकन संशोधकांनी अशा १३६ बालकांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत दिली. त्या मुलांची बुद्धी वाढली, ती माणसांना जीव लावू लागली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा फायदा जास्त झाला. मात्र चंचलपणा, लक्ष न लागणं हे पुष्कळांच्यात राहिलंच.

असं का होतं? पहिल्या वर्षांत मेंदूची घडण झपाट्यानं होते. घरात सतत भीती असली की मेंदू शिकायचं सोडून धोक्याचीच चाहूल घेत राहतो. असं मूल वर्गात बसतं, पण त्याचे कान दाराकडे असतात. आपण त्याला ढ म्हणतो.

मग करायचं काय? बंधूंनो, लेकराला एक तरी भरवशाचं माणूस द्या. आई, आजी, मावशी, बालवाडीच्या बाई, कोणीही चालेल, पण रोज मायेनं विचारणारं पाहिजे. झोपेत दचकणाऱ्या, अंथरूण ओलं करणाऱ्या पोराला हसू नका, दवाखान्यात दाखवा. लेकरांसमोर बायकोवर हात टाकू नका. तसा तो कधीच टाकू नका! उशीर झाला म्हणून सोडूनही देऊ नका. मोठं झालेलं पोरही मायेनं सावरतं, वेळ लागतो एवढंच.

आमचा मुलगा आता कमावता आहे. परवा आम्ही त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. उठला, चहा केला आणि आमच्याजवळ येऊन बसला.