खिडकीची मूठ

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेले भाषण)



'घरातील एखादी उपयोगी गोष्ट' या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. लोणच्यांवर, भरतकामावर बोलणाऱ्या आपल्यांत पुष्कळजणी आहेत, आणि त्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगले बोलतात. पण गेल्या आषाढात मी आमच्या घरातील खिडकीची मूठ स्वतःच्या हाताने बदलली, एवढी गोष्ट खरी. ती कशी बदलली, आणि त्या तासाभराच्या कामाला मला दोन वर्षे का लागली, हेच आज सांगणार आहे.

आपल्या इमारती १९५५ च्या सुमाराच्या. खिडक्या लोखंडी चौकटीच्या. झडप बाहेर उघडते, आत गज आहेत, आणि गजांतून हात घालून मूठ ओढली व फिरवली की खिडकी बंद होते. या मुठीला बाजूने एक जीभ असते. ती चौकटीवरच्या पट्टीमागे अडकली म्हणजे खिडकी बसली. तेव्हा मूठ ही नुसती धरावयाची वस्तू नव्हे, तीच खिडकीची कडी.

आमच्या बाहेरच्या खोलीतील मुठीचा मधला खिळा झिजला होता. मूठ लावली तरी ती आपल्याच भाराने घसरायची आणि झडप सुटायची. मी काय केले? परकराची नाडी घेतली आणि मूठ गजाला बांधून टाकली. हसू नका, तुमच्यापैकी कितीजणींच्या खिडक्यांना नाड्या आहेत ते मी रस्त्यावरून जाताना पाहते! आमच्या घरी रोज ठरायचे, रविवारी बघू. रविवारी कारागिराला निरोप जायचा. तो म्हणायचा, एवढ्याशा कामाला येणे परवडत नाही, आणखी चार कामे निघाली की येतो. चार कामे निघेनात, आणि नाडी मात्र तीनदा बदलली.

मग तो आषाढातला वारा आला. रात्री अडीचच्या सुमारास नाडी तुटली, झडप एकदा बाहेर भिंतीवर आपटली, एकदा आत आपटली, आणि तावदान फुटले. सासूबाईंचे अंथरूण भिजले, पण त्याचे काही नाही, अंथरूण वाळते. सकाळी सहा वाजता मी केरसुणी व सुपली घेऊन खाली गेले. काचेचा एक तुकडा, चांगला वीतभर लांब, पायरीपाशी मातीत उभा रुतलेला होता. भगिनींनो, आमच्या खिडकीखाली सातला दहा मिनिटे कमी असताना शाळेच्या गाडीसाठी मुले उभी राहतात. त्यांत आमचेही एक असते. वारा चार तास उशिरा आला असता तर काय झाले असते, हा विचार मी तेव्हा केला आणि पुन्हा करवत नाही. तो तुकडा हातात घेऊन मी पायरीवर बसले आणि ठरवले की आता रविवारची वाट पाहावयाची नाही.

तावदान काचवाल्याने बसवून दिले. मुठीचे मात्र तो म्हणाला, "हे आमचे काम नाही." मी पेचकस काढला तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे बाईमाणसाचे काम आहे का?" मी म्हटले, "आई, कुकरची मूठ सैल झाली की कोण आवळते? शिवणयंत्राची सुई कोण बदलते?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "थांब, मी थाळी धरते, स्क्रू हरवतील."

आता कृती सांगते. पाककृतीसारखीच ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, झडप बांधून घ्या. मूठ काढल्यावर झडपेला धरून ठेवणारे काही उरत नाही. झडपेच्या खालच्या अंगाला जी भोकांची पट्टी असते, तिला मजबूत दोरी बांधून ती गजाला पक्की करा. आमची पट्टी अर्धी मोडलेली होती, पण दोरीपुरता तुकडा शिल्लक होता. खाली मुले असतील तर त्यांना बाजूला जावयास सांगा. आणि खिडकीच्या कट्ट्यावर चढू नका, लागले तर घट्ट स्टूल घ्या.

दुसरी गोष्ट, तेल. मुठीला दोन स्क्रू असतात, ते गंजलेले असतात आणि त्यांच्या खाचा रंगाने बुजलेल्या असतात. दाभणाने खाचेतला रंग काढा. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. येथे घाई केली की काम बिघडलेच समजा. सकाळी खाचेत पूर्ण बसेल एवढ्या रुंदीचा पेचकस घ्या. पाते लहान असेल तर खाच खाल्ली जाते. पेचकस जोराने दाबून प्रथम किंचित आवळायच्या बाजूला फिरवा, म्हणजे गंज तुटतो, आणि मग उलटा फिरवा. माझा एक स्क्रू असा सुटला. दुसऱ्याची खाच अगोदरच खाल्लेली होती. तेथे मी करवतीचे सुटे पाते एका टोकाला फडके गुंडाळून धरले आणि डोक्यावर नवी खाच पाडली. त्याला अर्धा तास लागला, पण सुटला.

तिसरी गोष्ट, जुनी मूठ व जुने स्क्रू पिशवीत घालून दुकानात न्या. हे मी केले नाही! मी कागदावर चित्र काढून नेले आणि एकशे चाळीस रुपयांची चकचकीत पितळी मूठ घेऊन आले. लावायला गेले तो जीभ भलत्याच बाजूला! तेव्हा मला कळले की या मुठींत डावी व उजवी असा भेद असतो. झडप कोणत्या बाजूला बिजागरीवर आहे त्याप्रमाणे मूठ घ्यावी लागते. दुसऱ्या खेपेस जुनी मूठ घेऊन गेले तेव्हा दुकानदाराने दोन भोकांतील अंतरही मोजून पाहिले. तेही सगळ्या मुठींत सारखे नसते.

चौथी गोष्ट मला त्याच दुकानदाराने सांगितली. तो म्हणाला, "ताई, जुने स्क्रू टाकू नका." आपल्या देशात मापांचा नवा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून मेट्रिक मापे हळूहळू चालू झाली. आपल्या खिडक्या त्याच्या आधीच्या, इंचाच्या हिशेबाच्या. आजचे स्क्रू मिलिमीटरचे. आमचा जुना स्क्रू तीन सोळांश इंचाचा, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या जवळपास, आणि नवा पाच मिलिमीटरचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण आटे जुळत नाहीत. नवा जबरदस्तीने घातला तर चौकटीतील आटेच खराब होतात, आणि मग खरोखरच कारागीर लागतो. मी जुने स्क्रू तेलात भिजवून जुन्या दातघाशीने स्वच्छ केले, नवी खाच पाडलेला बदलून त्याच मापाचा एक शोधून घेतला, आणि आट्यांना थोडे ग्रीज लावून बसवले. पुढच्या वेळी ते सहज सुटतील.

आता सर्वांत महत्त्वाचे. मूठ बसवण्याआधी मी दोन बोटांनी झडप चौकटीवर ओढून पाहिली, ती येईना. शेवटच्या अर्ध्या बोटाला अडत होती. आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मूठ आपोआप झिजली नव्हती, ती आम्ही झिजवली होती. दर दोन-तीन दिवाळ्यांना आम्ही जुना रंग न काढता त्यावर नवा रंग देत आलो. चौकटीच्या खाचेत त्याचे थर साचले. बिजागऱ्या गंजल्या, त्यांना कधी तेल मिळाले नाही. अडणारी झडप आम्ही रोज त्या एका मुठीला धरून हिसका देऊन ओढत होतो. बिजागरीचे काम तिने करायचे, चौकटीचे काम तिने करायचे, आणि मोडली की नाव मात्र तिचे, 'मूठच हलकी होती!' आपल्यापैकी काहीजणींना हे ओळखीचे वाटेल. नवी मूठ तशीच लावली असती तर तीही दोन वर्षांत गेली असती.

म्हणून मी दोन्ही बिजागऱ्यांत गजांतून हात घालून तेल सोडले आणि झडप हळूहळू उघडमीट केली. नंतर साचलेला रंग काढला. येथे एक सावधगिरी सांगते. जुन्या तेलरंगांत शिसे असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार घातक असते. आपल्याकडे २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे चालत नाही. पण चौकटीवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. तेव्हा रंग कोरडा खरवडू नका, घासकागदाने धूळ उडवू नका. पाण्याने ओला करून खरवडा, तोंडाला मुखपट्टी लावा, मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, खपल्या कागदात गोळा करा आणि जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नका.

एवढे झाल्यावर झडप दोन बोटांनी बसली, आणि मग मूठ लावली. आता आमची पाच वर्षांची नातेवाइकांची मुलगी आली तरी ती खिडकी तिला लावता येते. सासूबाई आल्यागेल्याला ती फिरवून दाखवतात आणि सांगतात, "आम्ही दोघींनी बसवली." ते खरेच आहे, थाळी त्यांनी धरली होती.

शेवटी एक सूचना मांडते. मंडळाची मोठी पातेली आपण कार्याला नेतो आणि घासूनपुसून परत आणून देतो. तशीच एक पेटी मंडळाने करावी. तिच्यात लहानमोठे दोन पेचकस, एक पक्कड, करवतीचे पाते, तेलाची कुपी, ग्रीजची डबी आणि मजबूत दोरी एवढे असावे. ज्यांच्या खिडकीला आज नाडी आहे त्यांनी पहिल्याने न्यावी. आणि एकटीने करू नका. शेजारणीला बोलवा, म्हणजे एक स्क्रू काढील आणि एक थाळी धरील. चहा कोणी करायचा ते मग ठरवता येईल.

खिडकीखाली आपलीच मुले उभी असतात, एवढेच लक्षात ठेवा.