मातीची पाटी आणि अक्षरांची पाटी

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही तुम्हांस एक फार जुनी गोष्ट सांगणार आहों. ती आपल्या मुलखांतील नाहीं. इराक देशांत तैग्रिस व युफ्रेटिस ह्या दोन मोठ्या नद्या आहेत. त्यांच्यामधल्या सपाट मुलखांत चार-पांच हजार वर्षांपूर्वीं जीं शहरें भरभराटलीं, तेथील लोकांची ती गोष्ट आहे. परमुलखांतल्या देवांच्या गोष्टी ऐकून आपल्या शेताला काय पाणी मिळणार, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ‘तुम्हीं राबावें हें देवानेंच नेमून ठेविलें आहे’ हें बोलणें ज्याच्या कानीं पडलें नाहीं, असा एकहि मनुष्य ह्या सभेंत नसेल. हें बोलणें किती जुनें आहे, तें कोणीं लिहिलें आणि त्यांत कोणाचा लाभ होता, हें त्या परक्या गोष्टींत स्वच्छ दिसतें. आपल्या घरची गोष्ट निघाली कीं माणसाचें डोकें तापतें. दुसऱ्याच्या घरची गोष्ट शांतपणें ऐकतां येते.

प्रथम तो मुलूख कसा होता तें ऐका. तेथें पाऊस नांवापुरता. नदीचें पाणी पाट खणून शेतांत न्यावें, तेव्हां जव पिके. पाटांत दरसाल गाळ बसे आणि तो दरसाल उपसावा लागे. कुदळीनें खणावें व पाटीनें माती वाहावी, यांतच तेथील गरिबाचा जन्म जाई. दगड नाहीं, चांगलें लांकूड नाहीं, माती मात्र अमाप. म्हणून लिहिण्याची पाटीहि मातीचीच. ओली माती थापावी, बोरूच्या टोकानें तीवर पाचरीसारखीं अक्षरें उमटवावीं आणि ती वाळवावी. ही विद्या उरूक नांवाच्या शहरांत आजपासून पांच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं निघाली.

पण त्या पहिल्या पाट्यांवर काय लिहिलें होतें? स्तोत्रें नव्हेत. बहुतेक सारा हिशेब. जव किती आला, मेंढ्या किती, कोणाला किती दिलें. पुढें उर शहरच्या राजांच्या अमलांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व २१०० ते २००० च्या सुमारास, सरकारी कामावरील गड्याला महिन्याला साधारण ६० सिला जव मिळे व विणकाम करणाऱ्या बाईला ३० सिला. सिला म्हणजे सुमारें एक लिटर. माती वाहणाऱ्याच्या हातीं एक पाटी आणि त्याचें पोट मोजणाऱ्याच्या हातीं दुसरी पाटी, असा हा प्रकार होता. हें ध्यानांत धरा, म्हणजे पुढली गोष्ट नीट कळेल.

हीं अक्षरें पुढें कोणाला वाचतां येईनाशीं झालीं. सतरा-अठराशें वर्षें त्या पाट्या मातींत मुक्या पडून होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतील विद्वानांनीं लिपि उलगडली. मोसुल शहराजवळच्या निनवे येथें असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहाच्या फुटक्या पाट्या सांपडल्या होत्या, त्या लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आणून ठेविल्या. त्यांतील महापुराची प्रसिद्ध गोष्ट ज्यानें शोधून वाचली, तो कोणी मोठ्या घराण्यांतला शास्त्री नव्हता. त्याचें नांव जॉर्ज स्मिथ. जन्म १८४० सालचा, लंडनमधल्या गरीब घरांतला. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली आणि नोटा छापण्याचे ठसे कोरावयाचें काम शिकण्यासाठीं तो एका छापखान्यांत उमेदवार राहिला. दुपारच्या जेवणाच्या सुटींत हा कारागीर म्यूझियममध्यें जाऊन त्या पाट्यांपुढें बसे. कोरीव कामानें त्याची नजर तयार झालीच होती. १८७२ सालच्या डिसेंबरच्या ३ तारखेस त्यानें विद्वानांच्या सभेंत ती गोष्ट वाचून दाखविली, तेव्हां खुद्द मुख्य प्रधान ग्लॅडस्टन समोर बसले होते. गिलगमेश नांवाच्या राजाच्या काव्याची ती अकरावी पाटी होती. १८७६ सालीं, पाट्यांच्या शोधांत फिरत असतांना, अलेप्पो येथें स्मिथ आजारानें वारला. वय अवघें छत्तीस.

त्या सभेच्या पुढल्याच वर्षीं, १८७३ सालीं, इकडे जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ लिहून मत्स्य, वराह, वामन ह्या अवतारकथांना जाब विचारला. ह्या दोन कामांचा एकमेकांशीं संबंध नाहीं. पण जुन्या कथा हातीं घेऊन त्या तपासाव्या, हें काम तिकडे एका कारागिरानें केलें आणि इकडे एका माळ्याच्या मुलानें, हें आपण विसरूं नये.

आतां मूळ गोष्ट. स्मिथनें वाचलेल्या कथेहूनहि जुनी अशी एक कथा आहे, ती ‘अत्राहसीस’ ह्या नांवानें ओळखतात. अत्राहसीस म्हणजे फार शहाणा. ख्रिस्तपूर्व सतराव्या शतकांत एका धाकट्या लेखनिकानें ती तीन पाट्यांवर उतरून काढली. एकंदर ओळी १२४५. निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे जुळवून ती बरीचशी पुरी होऊन छापली गेली ती १९६९ सालीं.

कथा अशी. आरंभीं माणूस नव्हताच. सारें काम देवच करीत. पण देवांतहि थोरले आणि धाकटे होते. थोरले बसून खात आणि इगिगी नांवाचे धाकटे देव पाट खणीत. तैग्रिस त्यांनींच खणली, युफ्रेटिस त्यांनींच खणली. रात्रंदिवस मातीच्या पाट्या वाहून ते जेरीस आले. शेवटीं एके दिवशीं त्यांनीं कुदळी आणि पाट्या पेटवून दिल्या आणि मध्यरात्रीं धनी एन्लिल याच्या वाड्याला वेढा दिला. एन्लिल घाबरला. त्यानें आपला कारभारी पाठवून विचारलें, “ह्या दंग्याचा पुढारी कोण?” बाहेरून उत्तर आलें, पुढारी असा कोणी एक नाहीं, आम्ही एकूणएक सारे त्यांत आहों, ह्या कामानें आमचा जीव चालला आहे. थोरल्या देवांपैकींच एकानें कबूल केलें कीं, त्यांचें गाऱ्हाणें खरें आहे, काम फार जड आहे.

मंडळी, जगांतल्या फार जुन्या कथांपैकीं ही एक, आणि तिचा आरंभ मजुरांच्या संपानें होतो!

मग तोड काय निघाली? थोरल्या देवांनीं आपण हातीं कुदळ घेतली काय? नाहीं. एन्की नांवाच्या युक्तिबाज देवानें सुचविलें कीं, हें ओझें वाहण्यासाठीं एक नवें जनावर घडवावें. एका देवाला मारलें. त्याचें रक्तमांस मातींत कालविलें. निन्तू ह्या जन्मदेवीनें त्या मातीचे चौदा गोळे केले. त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया निपजल्या. हाच मनुष्य. आणि देवांच्या डोक्यावरची पाटी त्याच्या डोक्यावर आली.

येथें दोन गोष्टी पाहा. एक, ज्या देवाला मारलें तो बुद्धिवान होता असें कथाच सांगते, आणि तोच त्या बंडाचा पुढारी असावा असें कित्येक अभ्यासकांस वाटतें. तसें असेल तर त्या कथाकारांनीं न कळत मोठी कबुली दिली. मनुष्याची माती राबण्यासाठीं मळली खरी, पण तींत रक्त मिसळलें तें विचार करणाऱ्याचें आणि नकार देणाऱ्याचें.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ह्या कथेंत सारी माणसें एकाच मातीचीं आहेत. कोणी मुखापासून आणि कोणी पायांपासून, असा भेद तींत नाहीं. आपल्याकडे पुरुषसूक्तांत शूद्र पायांपासून झाला असें लिहिलें आणि तेवढ्यावर आमच्या कैक पिढ्या पायदळीं गेल्या. बाबिलोनच्या लोकांना तो भेद सुचला नव्हता. पण म्हणून ते फार न्यायी होते असेंहि समजूं नका. त्यांच्यांत राजे होते, गुलाम होते. पुढल्या काळांतील एका बाबिलोनी पाटीवर असें लिहिलेलें सांपडलें आहे कीं, देवांनीं आधीं राबणारा मनुष्य घडविला आणि मग राजा वेगळा घडविला. म्हणजे जुन्या कथेंत एकच माती होती, मागाहून ती दोन झाली. गोष्ट तीच, पण सांगणाऱ्यांनीं तींत आपल्या धन्याच्या सोयीप्रमाणें भर घातली. देवाचा शब्द बदलत नाहीं म्हणतात. येथें तर तो पाटीगणिक बदललेला दिसतो.

कथा पुढें चालते. माणसें वाढलीं, त्यांच्या गलबल्यानें एन्लिलची झोंप उडाली. त्यानें प्रथम रोगराई पाठविली. तेव्हां एन्कीनें माणसांना युक्ति सांगितली : कोणत्याहि देवाची पूजा करूं नका. फक्त रोगाचा देव नम्तार याच्या दारीं भाजलेली रोटी नेऊन ठेवा. तसें करतांच नम्तार लाजला आणि रोग थांबला. मग अवर्षण आलें. तेव्हांहि तीच युक्ति फळास आली. नैवेद्य बंद झाला कीं देवांचें चालत नाहीं, ही गोष्ट त्या देवळांच्या लेखनिकांनीं आपल्याच हातानें लिहून ठेविली आहे!

शेवटीं महापूर आला. एन्कीनें अत्राहसीसच्या बोरूच्या झोपडीच्या कुडाला तोंड लावून सूचना दिली, त्यानें घर मोडून होडी बांधली आणि जीव वाचविले. सात दिवस, सात रात्री पूर चालला. इकडे देव उपाशी, तहानेनें ओठ सुकलेले, कारण राबणारा बुडाला तर खाऊं कोण घालणार? पूर ओसरल्यावर अत्राहसीसनें नैवेद्य ठेविला, तेव्हां वासासरशी देव माशांसारखे गोळा झाले. आपल्याकडे शतपथ ब्राह्मणांत मनु आणि माशाची जी पुराची कथा आहे, तिच्या कित्येक शतकें आधींची ही पाटी आहे.

पण तडजोड काय झाली? माणसें फार वाढूं नयेत म्हणून कांहीं बायका वांझ राहतील आणि पाशित्तू नांवाची राक्षसीण आईच्या मांडीवरून बाळ हिरावून नेईल, असें ठरलें. ज्या माउलीचा पाळणा रिकामा झाला तिला हा जबाब! आपल्याकडे सटवाईच्या लेखावर बोट दाखवितात, तसेंच हें. रोग कशानें झाला, पाणी कसलें प्याले, बाळंतिणीच्या पोटांत काय होतें, हें विचारावयाचें राहून जातें.

आतां आमच्या कारागीर बांधवांसाठीं दुसरी एक गोष्ट. त्याच मुलखाच्या सुमेरी भाषेंत कुदळ आणि नांगर यांचें भांडण आहे. कुदळ ही गरिबाची लेक, वादीनें बांधलेली. नांगर ताठ्यानें म्हणतो, माझ्या सणाला राजा स्वतः माझी मूठ धरतो. कुदळ म्हणते, बाबा, तूं वर्षांतून चार महिने राबतोस आणि आठ महिने दिसत नाहींस, मी बारा महिने कामावर. पाट मी खणतें, विटांची माती मी काढतें, भिंत माझ्यामुळें उभी राहते, मजुराच्या बायकापोरांच्या तोंडीं घांस मी घालतें. न्याय करावयास तोच एन्लिल बसतो आणि तो निकाल कुदळीच्या बाजूनें देतो. ही कविता मजुरानें लिहिली नाहीं. ती लेखनिकांच्या शाळेंत मुलें गिरवीत. पण खऱ्या कामाची किंमत त्यांनाहि नाकारतां आली नाहीं, एवढें त्यावरून कळतें.

सगळीकडे मात्र असें नव्हतें. ईजिप्त देशांत सुमारें चार हजार वर्षांपूर्वींचें एक लिखाण आहे. त्यांत एक बाप मुलाला लेखनिकांच्या शाळेंत नेतांना वाटेंत एकेका धंद्याची टवाळी करतो. तांबटाचीं बोटें सुसरीच्या कातड्यासारखीं, कुंभार जिवंतपणींच मातींत पुरलेला, कोष्टी गुडघे पोटाशीं घेऊन कोंडलेला, न्हावी दारोदार हिंडणारा. फक्त लेखनिकाच्या डोक्यावर धनी नाहीं, असें तो म्हणतो. शेंकडों वर्षें मुलांनीं हें गिरविलें. हालांचें वर्णन खोटें नाहीं. पण ज्याच्या हातचें भांडें, ज्याच्या हातचें कापड, त्याचे हाल कमी करावे असें त्या बापाच्या मनांतहि येत नाहीं. कष्टकऱ्याला हसण्यापुरतीच जी विद्या, ती विद्या नव्हे.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच. त्या मुलखांत शाळा होत्या, पण त्यांत बहुधा खात्यापित्या घरचीं मुलें जात. सिप्पर शहरांत कांहीं बायकाहि लेखनिक होत्या, हें आमच्या भगिनींनीं ध्यानांत ठेवावें. पाट खणणाऱ्याचा मुलगा मात्र त्या शाळेंत क्वचितच दिसला असेल. म्हणून त्याच्या तोंडची गोष्ट आपल्याला त्याच्या हातची मिळत नाहीं, त्याचा जव मोजणाऱ्याच्या हातची मिळते. आपल्या बाबतींत तसें होऊं देऊं नका. हंगामाच्या कामाला जातांना पोराला शाळेंतून उठवून नेऊं नका. पोरीला तर मुळींच नको. पाटी घमेल्याची असो कीं अक्षरांची असो, दोन्ही आपल्याच घरांत असल्या पाहिजेत.

आणि कोणतीहि पोथी पुढें आली कीं तीन प्रश्न विचारा : ही कोणीं लिहिली? केव्हां लिहिली? हिच्यानें कोणाचें ओझें कोणाच्या डोक्यावर गेलें? आमचें आजचें बोलणेंहि ह्याच तीन प्रश्नांनीं पारखून घ्या. पटेल तेवढें घ्या, न पटेल तें उलट विचारा. विचारणाऱ्याचें रक्त तुमच्या अंगीं आहे, असें साडेतीन हजारांहून अधिक वर्षांच्या जुन्या मातीनें सांगितलें आहे. एवढें बोलून आम्ही तुमची रजा घेतों.