पेटीतली शस्त्रे आणि आपण

(मंडळाच्या शिवजयंती कार्यक्रमात, जयेंद्रगंज येथे केलेले भाषण)



आज आम्हा चौघांना मिळून बोलायला सांगितले आहे. चौघांनी एकदम बोलता येत नाही, म्हणून एकाने उभे राहायचे आणि बाकीच्या तिघांनी चुकले की खाकरायचे, असे ठरले आहे. आम्ही चौघेही एकाच वस्तादांच्या हाताखाली, या सभागृहामागच्या पटांगणात लाठी शिकलो. तेव्हा आमची वये दहा-बारा वर्षांची होती. आता आमच्या गुडघ्यांची वये विचारू नका.

विषय सुचला तो एका नातवामुळे. तो इथल्याच एका क्लासमध्ये वुशू शिकतो. वुशू म्हणजे चिनी युद्धकला. एका संध्याकाळी तो सांगू लागला की त्यांच्यात चार शस्त्रे मुख्य मानतात: लाठी, एका धारेची बाकदार तलवार, भाला आणि दुधारी सरळ तलवार. चिनी लोक लाठीला सगळ्या शस्त्रांची पूर्वज म्हणतात, भाल्याला राजा म्हणतात आणि सरळ तलवारीला सभ्य गृहस्थ. बाकदार तलवार शिकायला शंभर दिवस, भाल्याला हजार आणि सरळ तलवारीला दहा हजार दिवस लागतात, अशीही त्यांची म्हण आहे. एवढे सांगून त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही पण शिकलात ना? मग तुमचं आवडतं शस्त्र कोणतं?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही चौघे एकत्र बसलो तेव्हा चार उत्तरे निघाली. ती चारही आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिल्याचे उत्तर लाठी. बांबूची, पायापासून कानापर्यंत उंचीची. वस्ताद पहिले दोन महिने लाठी हातात देतच नसत. आधी पवित्रा. पाय कुठे ठेवायचा, वळताना वजन कोणत्या पायावर घ्यायचे, मागे न बघता मागे कसे सरकायचे, हेच चाले. आम्ही कंटाळायचो. मग लाठी आली की शीर, तमाचा, बाहेरा असे हात मोजून करायचे. शीर म्हणजे डोक्यावरचा वार, तमाचा गालाच्या बाजूचा, बाहेरा त्याच्या उलट बाजूने येणारा. हे वार शिकले की त्यांना अडवणे शिकायचे, आणि नंतर कळायचे की अडवणेच जास्त शिकलो आहोत. लाठीचे मोठेपण असे की तिला पैसा लागत नाही, परवाना लागत नाही, आणि तिच्यावर बसलेले हात पुढे तलवारीला, भाल्याला सगळीकडे उपयोगी पडतात. चिनी लोकांनी तिला पूर्वज म्हटले ते काही उगाच नाही.

दुसऱ्याचे उत्तर फरी-गदका. फरी म्हणजे कातड्याने मढवलेली लहानशी ढाल आणि गदका म्हणजे साधारण दोन हात लांबीची, कातडे चढवलेली काठी. ढाल-तलवारीची ही शिकाऊ जोडी. यात समोर माणूस असतो, आणि तो खरोखर मारतो. लागते, पण जखम होत नाही. आमच्यातला हा दुसरा गडी लहानपणी फार तापट होता. तो म्हणतो, फरी-गदक्याने मला रागावून मारलेला वार नेहमी उघडा पडतो हे शिकवले. चिडून हात उंच गेला की बरगडी मोकळी होते आणि समोरचा तिथेच टिपतो.

तिसऱ्याचे उत्तर विटा. आजच्या मुलांनी हा शब्द ऐकलेलाही नसेल. विटा म्हणजे पाच-साडेपाच फुटांचा भाला. त्याच्या मागच्या टोकाला तेवढीच लांब दोरी आणि दोरीचे दुसरे टोक मनगटाला. भाला फेकायचा आणि दोरीने परत ओढून घ्यायचा. साधा भाला एकदा फेकला की हात रिकामा. विटा फेकला तरी आपलाच. मराठा घोडेस्वाराला हे मोलाचे होते. त्याच कुळातली बोथाटी, म्हणजे टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला लांब भाला. घोड्यावरच्या भालेकऱ्यांचा सराव तिच्यावर चाले. टोक बोथट, म्हणून बोथाटी. आम्हाला घोडे कुठले मिळणार! आम्ही एकमेकांच्या खांद्यावर बसून बोथाटी खेळलो आणि घरी जाऊन मार खाल्ला.

चौथ्याचे उत्तर तुम्ही ओळखलेच असेल, दांडपट्टा. सुमारे चार फुटांचे लवचिक, दुधारी पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. खोबळ्यात मनगट अडकलेले असते, ते वळत नाही. म्हणून पट्टा मनगटाने चालवता येत नाही. तो खांद्यातून, कमरेतून, सगळ्या अंगातून फिरवावा लागतो. तलवारीची सवय झालेल्या माणसाला सुरुवातीला पट्टा जड जातो तो यामुळेच. पट्टेकरी जमिनीवर ठेवलेले लिंबू कापतो, तळहातावरचे लिंबू कापतो आणि हाताला ओरखडाही येत नाही. २०२४ च्या शिवजयंतीला, आपल्यापासून फार दूर नसलेल्या आग्र्याच्या किल्ल्यातल्या सोहळ्यात, महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. बातमी ऐकून आमच्या चौथ्याने पेढे वाटले होते.

आणि वस्तादांचे आवडते शस्त्र कोणते होते? त्यांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, लेझीम. आम्ही हसलो. लेझीम हे काय शस्त्र आहे? तेव्हा त्यांनी समजावले की लेझीम म्हणजे मुळात धनुष्यच. शब्द फारसीतून आलेला. तिरंदाजांचे हात आणि खांदे तयार करायला दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य असे. इराणच्या जुन्या व्यायामशाळांत आजही साखळीचे जड लोखंडी धनुष्य डोक्यावर हलवून व्यायाम करतात. धनुष्याची लढाई संपली आणि आपल्याकडे लेझमीची चाल उरली. म्हणजे दरवर्षी विसर्जनाला आपल्या मुली ज्या तालावर नाचतात, तो तिरंदाजांच्या कवायतीचा ताल आहे. वस्तादांना लेझीम आवडे कारण ती सहा वर्षांच्या मुलीपासून साठ वर्षांच्या आजीपर्यंत कोणालाही हातात देता येते.

मंडळी, हे सगळे आपल्याला परके नाही. आपण ज्या गावात राहतो त्याचे नावच लश्कर, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ. शेजारचे कंपू हे नाव शिंद्यांच्या कवायती पलटणींवरून आले. आपल्यातल्या बऱ्याच घरांचे पूर्वज त्या फौजेबरोबरच इथे आले. महादजी शिंदे १७६१ साली पानिपतावर पायाला जबर जखम होऊन पडले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले, आणि तो लंगडा पाय घेऊनच त्यांनी पुढे उत्तरेत मराठ्यांचा जम पुन्हा बसवला. दि बॉयनच्या पलटणी उभ्या केल्या तेही महादजींनीच. बंदूक आणि तोफ पुढे आली, की विटा आणि पट्टा मागे पडणार, हे त्यांनी आपल्या आधी ओळखले होते. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीसाहेब इथेच, घोड्यावर, तलवार हातात असताना पडल्या. फूलबागेतल्या त्यांच्या समाधीपुढे आपण दर १८ जूनला डोके टेकवतो.

त्यानंतर १८७८ चा शस्त्रकायदा आला आणि सामान्य माणसाच्या घरातली शस्त्रे गेली. शस्त्रे गेली तरी शस्त्रांचे हात तालमींत जपले गेले, ते लाठी, गदका, बोथाटी, लेझीम यांच्या रूपाने. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तसे हे खेळ मिरवणुकीत आले. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढून हे ज्ञान कागदावर उतरवले. आणि आपल्या ग्वाल्हेरला १९५७ मध्ये, सत्तावन्नच्या शताब्दीला, राणीसाहेबांच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उघडले. आज देशभरची मुले तिथे शिकायला येतात.

आता जे बोलायचे आहे ते थोडे अवघड आहे.

तुमच्यातल्या थोरांना आठवत असेल, बारा वर्षांपूर्वी विसर्जनाच्या मिरवणुकीत आपली प्रात्यक्षिके बंद पडली. कारण बाहेरून कोणी सांगितले नाही, आपणच बंद केली. त्या वर्षी सराव झाला नव्हता. वस्ताद आदल्या वर्षी गेले होते. कोणीतरी म्हणाले, लाठ्या कोण बघतो, खरी तलवार काढा, लोक टाळ्या वाजवतील. आम्ही चौघेही तिथे होतो आणि आम्ही नाही म्हटले नाही. उलट आमच्यातल्याच एकाने घरातली धारेची तलवार आणली. फिरवताना पाय घसरला आणि शेजारी उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हाताला ती लागली. टाके पडले. एक बोट आजही पुरते मिटत नाही. पवित्र्यात पहिल्या दिवशी शिकवतात की आपल्या फिरत्या शस्त्राच्या घेरात माणूस येऊ द्यायचा नाही. जे दहाव्या वर्षी शिकलो ते पन्नाशी उलटल्यावर विसरलो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने दिली.

त्यानंतर लाठ्या, फरी-गदके, दोन बोथाट्या, एक बोथट पात्याचा पट्टा असे सगळे पेटीत गेले. पेटीला कुलूप लागले. खंडेनवमीला पेटी उघडायची, हळद-कुंकू, फूल वाहायचे, आणि पुन्हा बंद. बारा वर्षे आपण या शस्त्रांची फक्त पूजा करतो आहोत.

गेल्या महिन्यात कार्यकारिणीत ठराव आला की पेटी एखाद्या संग्रहालयाला द्यावी. ठराव मांडणारे आपलेच आहेत आणि त्यांचा हेतू चांगला आहे. बांबूला कीड लागते, कातडे तडकते, सांभाळणार कोण? आम्ही चौघे त्या मुलाच्या आईकडे गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा या विषयावर बोललो. माफी मागितली, ती तेव्हाच मागायला हवी होती. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "शिकवायचं असेल तर नीट शिकवा. नाहीतर ती पेटी सागरतालात सोडून द्या. पण नुसती हळद-कुंकू वाहायला ठेवू नका."

बंधुभगिनींनो, आमचे आजचे भाषण एवढ्या एका वाक्यासाठी आहे.

वस्तादांनी आम्हाला दिली ती सगळी शस्त्रे बोथट होती. कातडे चढवलेली, चिंध्या बांधलेली, बांबूची. लहानपणी आम्हाला वाटे, ही खोटी शस्त्रे, खरी मोठेपणी मिळतील. आता कळते की शिकवायची शस्त्रे हीच होती. समोरच्याला न दुखवता त्याच्याशी पूर्ण ताकदीने खेळता येईल, अशी ती घडवलेली आहेत. धारेची तलवार टाळ्या मिळवते, पण ती हातात घेऊन सराव करता येत नाही. ज्याचा सराव करता येत नाही त्याचे प्रात्यक्षिक करू नये, हा धडा आम्ही फार महागात घेतला.

म्हणून आमची विनंती अशी. गणेशोत्सवाला अजून सहा-सात महिने आहेत. येत्या रविवारपासून सकाळी सात ते साडेआठ, याच पटांगणात, आम्ही चौघे शिकवू. मुले आणि मुली, दोन्ही. पहिले दोन महिने पवित्रा आणि लेझीम. मग लाठी. ज्यांचे हात बसतील त्यांना फरी-गदका. विटा आणि बोथाटी पुढच्या वर्षी, मोकळ्या मैदानावर. पट्टा तिसऱ्या वर्षी. धारेचे पाते पटांगणात येणार नाही, मिरवणुकीत येणार नाही, मागणारा कोणी कितीही मोठा असला तरी. प्रात्यक्षिकाच्या वेळी दोरीचे रिंगण असेल आणि रिंगणाबाहेर उभे राहायला दोन मोठी माणसे नेमलेली असतील. त्या दोघांपैकी एक जण म्हणून उभे राहायला तो तेव्हाचा चौदा वर्षांचा मुलगा तयार झाला आहे. आता तो सव्वीस वर्षांचा आहे आणि तिकडे कोपऱ्यात बसला आहे.

आम्हाला मंडळाकडून पैसे नकोत. वीस नवे बांबू, तेल, थोडे कातडे आणि जुनी धोतरे हवीत. धोतरे बोथाटीच्या गोळ्यासाठी, ती तुमच्या कपाटात पडलेलीच आहेत. आणि ज्यांना वाटते की मुलांनी हे शिकून काय करायचे, त्यांनी मुलांना पाठवू नये, स्वतः एक रविवार येऊन बघावे.

नातवाला आम्ही उत्तर दिले. त्याला म्हटले, आवडते शस्त्र सांगता येईल, पण त्याआधी तू रविवारी पाय कसा टाकतोस ते दाखव. तो येतो म्हणाला. वुशूतली त्याची लाठीही घेऊन येणार आहे. आम्हाला तिचेही हात बघायचे आहेत.

पेटीची किल्ली आज अध्यक्षांनी आम्हाला दिली आहे. ठरावावर पुढच्या सभेत मतदान होईल. त्याआधी सहा रविवार येतात. ते आम्हाला द्या.

गणपती बाप्पा मोरया!