तुरुंगाची शिक्षा कधीपासून?

'तुरुंगवासाचा इतिहास' असा विषय रेडिओ केंद्राने सुचवला. वेळ थोडा आहे, म्हणून सनावळ्या फार सांगत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो, आणि ती मी पुन्हा सांगणार आहे. तुरुंग फार जुने आहेत, पण सर्रास गुन्ह्यांना तुरुंगवास हीच शिक्षा, ही रीत जेमतेम अडीचशे वर्षांची. त्याआधी फटके होते, दंड होता, डाग देणं होतं, फाशी होती. कोठडी असायची ती निकाल लागेपर्यंत, नाहीतर कर्ज फिटेपर्यंत. पेशवाईतही माणसं बेड्या घालून किल्ल्यावर ठेवत, पण अमुक गुन्ह्याला अमुक वर्षं असं छापील कोष्टक नव्हतं. इंग्रजी मुलखात सगळीकडे एकसारखं असं कोष्टक आलं ते 1860 च्या दंडसंहितेबरोबर.

हे बदललं कसं? जॉन हॉवर्ड नावाचे गृहस्थ 1773 साली इंग्लंडात बेडफर्डशायरचे शेरीफ झाले. मानाचं पद. आधीचे शेरीफ आपल्या ताब्यातल्या तुरुंगाकडे फिरकत नसत, हे आत जाऊन बघून आले. बघतात तो काय, निर्दोष सुटलेली माणसं अजून आतच! का? तर तुरुंगाधिकाऱ्याला पगार नसे. तो कैद्यांकडूनच फी घेई, आणि ती भरल्याशिवाय दार उघडत नसे. हॉवर्ड न्यायाधीशांना म्हणाले, याला पगार द्या. न्यायाधीश म्हणाले, असं कुठं झालंय का आधी, ते दाखवा. (कचेऱ्या तेव्हाही कचेऱ्याच होत्या!) दाखला शोधायला हा माणूस घोड्यावरून शेजारच्या परगण्यांत गेला. दाखला मिळाला नाही, सगळीकडे तोच प्रकार दिसला. मग ते फिरतच राहिले, आणि 1777 साली त्यांचं पुस्तक निघालं. स्वच्छ, वेगळी कोठडी, काम, धर्मोपदेश, म्हणजे माणूस सुधारेल, ही कल्पना तेव्हा रुजली. पुढे त्या कल्पनेतून ज्या प्रचंड भिंती उभ्या राहिल्या, त्यात आपलं 1871 चं येरवडाही आलं. 1894 चा कारागृह कायदा तर आपण शंभराहून अधिक वर्षं वापरला.

पण बघा, कोठडी ही निकालापर्यंतची जागा, असं मी सुरुवातीला म्हटलं ना? आज आपल्या देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन कैदी कच्चे आहेत. कच्चे म्हणजे खटला अजून संपायचाय. त्यातल्या कित्येकांना जामीन मंजूर झालाय, जामीनदार मिळत नाही, रक्कम भरता येत नाही. हॉवर्डना जे दिसलं, ते यापेक्षा फार वेगळं होतं का? फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. आणि आपण? बातमी ऐकली की चहाचा कप खाली न ठेवता म्हणतो, 'सडू द्या आत!' अहो, दोषी ठरू तरी द्या.

तुरुंग भिंतींशिवायही असू शकतो, म्हणून आता आटपाडीचं सांगायलाच हवं. सांगली जिल्ह्यातला हा कोरडा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. 1939 साली राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर यांनी तिथे स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांची वसाहत, पण भोवती भिंत नाही. कैद्याने शेती कसायची, बायकामुलांनाही सोबत राहता येतं. खुनाची शिक्षा झालेला माणूस सकाळी खुरपं घेऊन रानात जातो आणि संध्याकाळी आपल्या पायांनी परत येतो! व्ही. शांतारामांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि गदिमांचं माडगुळं आटपाडी तालुक्यातलंच. ही वसाहत आजही चालू आहे. पळून जाता येत असताना माणूस पळत का नाही, हा खरा प्रश्न, आणि त्यावर मी तासभर बोलेन, पण काचेपलीकडून हात वर झालाय. पैठणचं खुलं कारागृह राहिलंच.