हिमगाडीचा फूटबोर्ड आणि त्यावरील बर्फ

गुलमर्गच्या उतारावर हौसेनें हिमगाडीवर बसून आलेलीं मराठी कुटुंबें आतां पुण्या-मुंबईंत विरळ राहिलीं नाहींत. चालकाच्या मागें बसावें, थंडीनें नाक लाल करून घ्यावें, छायाचित्र काढावें आणि खालीं उतरावें, एवढाच त्यांचा त्या वाहनाशीं परिचय. बैठकीच्या दोन्ही बाजूंस ज्या अरुंद पत्र्यावर पाय टेकले होते, त्याची आठवण क्वचितच कोणास असेल. परंतु क्वेबेक, मिनेसोटा किंवा आयडाहो येथील कित्येक गृहस्थ हिंवाळा तोंडावर आला कीं आपल्या गॅरेजांत संध्याकाळच्या संध्याकाळ घालवितात, ते याच पत्र्यासाठीं.

हें वाहन मुळांत चैनीसाठीं जन्मलें नाहीं. क्वेबेक प्रांतांतील व्हालकूर गांवचा यंत्रकार जोझेफ-आर्मां बोम्बार्डिए याचा लहान मुलगा १९३४ सालच्या हिंवाळ्यांत पोटाच्या दुखण्यानें दगावला. रस्ते हिमानें बंद होते आणि त्याला इस्पितळांत पोंचवितां आलें नाहीं. १९३७ सालीं बोम्बार्डिए यास दांतेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचें पेटंट मिळालें, आणि १९५९ सालीं ‘स्की-डू’ ही त्याची हलकी गाडी बाजारांत आली. पुढें ती खेळाची वस्तु झाली, हा भाग निराळा.

गाडीची रचना साधी आहे. पुढें वळण्यासाठीं दोन घसरपट्ट्या, मागें एंजिनानें फिरणारा रुंद रबरी पट्टा, आणि त्या पट्ट्यावर पालथ्या नालीसारखा अल्युमिनियमचा बोगदा. या बोगद्याच्या दोन्ही खालच्या कडांना बाहेरच्या अंगास जी आडवी फळी निघते, तोच फूटबोर्ड. जुन्या मोटारींना दाराखालीं असे, त्याच जातीचा. फरक इतकाच कीं, डोंगरांत हिमगाडी हांकणारा मनुष्य बहुतेक वेळ या फळीवर उभाच असतो. आडव्या उतारावरून जातांना तो सारा भार, प्रसंगीं दोन्ही पायही, डोंगराकडच्या फळीवर ठेवतो आणि दोनअडीचशें किलोंची गाडी केवळ अंगाच्या तोलानें तिरकी धरतो. अशा वेळीं बूट निसटला तर गाडी दरीकडे कलंडते. खालीं झाडें असलीं म्हणजे काय होतें, तें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

मराठींत दोहोंनाही बर्फच म्हणण्याचा प्रघात असल्यामुळें येथें थोडा भेद केला पाहिजे. आकाशांतून भुरभुरतें तें हिम. पाणी थिजून होतो तो बर्फ. ताज्या हिमांत बहुतांश हवाच असते. बुटाखालीं तें चेंपलें कीं कण एकमेकांस भिडतात, आणि भिडलेले कण पाहतां पाहतां एकजीव होऊं लागतात. पोरें हिमाचे गोळे करतात तीं याच गुणावर. त्यांत बोगद्याची ऊब भर घालते. पुष्कळ गाड्यांत एंजिनाचें गरम द्रव बोगद्याच्या आंतून बसविलेल्या चपट्या नळ्यांतून खेळविलेलें असतें. पट्ट्यानें उडविलेलें हिम त्यांवर आदळलें म्हणजे तें निवतें. त्या उबेनें फळीच्या आंतल्या कडेचें हिम वितळतें, आणि तेंच पाणी बाहेरच्या कडेला वाऱ्यांत येऊन थिजतें.

याचें वजन किती होत असेल? फळी ९० सेंटिमीटर लांब, १५ रुंद आणि थर ५ सेंटिमीटरांचा धरला, तर घनफळ ६,७५० घन सेंटिमीटर होतें. चेंपलेलें हिम पाण्याच्या चार दशांश वजनाचें मानल्यास एका फळीवर २.७ किलो, दोहोंवर साडेपांच किलोंच्या आंतच. सर्वच बर्फ झाला तर सुमारें बारा किलो. म्हणजे खरी तक्रार वजनाची नव्हे. पायाखालचा खडबडीत पत्रा नाहींसा होऊन तेथें गुळगुळीत, उतरती ढेंप तयार होते, ही आहे.

उपाय दिसण्यांत सोपा: फळीला भोकें पाडावीं. कारखानदारही तीं पाडतात, परंतु भोकें लहान असलीं कीं हिमानें बुजतात. म्हणून घरीं काम करणारे एक ते दीड इंच व्यासाचें भोक पसंत करतात. प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापून त्यावर जागा आंखाव्या, मग बारीक ड्रिलनें मध्य पाडून गोल करवतीनें भोक कापावें आणि कांठ कानशीनें घासावा. यापुढची युक्ति खरी मौजेची आहे. दोन उतरत्या पोलादी ठशांमध्यें भोकाचा कांठ धरून बोल्टचा नट आवळला म्हणजे कांठ उमलल्यासारखा वर उचलला जातो. त्यामुळें बुटाच्या तळाला पकड मिळते आणि भोक पाडून दुबळा झालेला पत्रा पुन्हा कांहींसा ताठ होतो.

सिलिकॉनचा फवारा मारण्याचा सल्लाही पुष्कळ लोक देतात. ज्या पृष्ठभागावरून हिम सुटतें त्यावरून बूटही सुटतो, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. फवारा मारायचाच तर तो बोगद्याच्या उभ्या बाजूंना मारावा. भोकें अगदीं पट्ट्यालगत पाडण्यांतही लाभ नाहीं. पट्टा त्यांतूनच हिम वर फेंकतो.

परंतु करवत हातीं घेण्यापूर्वीं गाडीखालीं दिवा घेऊन निजावें, हें सर्वांत महत्त्वाचें. त्या चपट्या नळ्या कोठून गेल्या आहेत, हें गाडीगणिक निराळें असतें. ड्रिलचें टोंक नळीस लागलें तर गळती कदाचित् गॅरेजांत दिसणारही नाहीं. एंजिन तापून बंद पडेल तें रस्त्यापासून कित्येक मैल दूर, शून्याखालीं वीस अंशांच्या थंडीत. रिबिटांच्या रांगा, बोगद्याचा सांधा आणि बाहेरची वळविलेली कड यांनाही हात लावूं नये. फळीचा ताठपणा त्या कडेंतच आहे. दोन भोकांमध्यें निदान एका भोकाएवढा पत्रा ठेवावा. हांव धरून सबंध फळीची चाळण करणाऱ्यांच्या फळ्या पहिल्या मोठ्या उडींतच वांकतात.

काम संपल्यावर पट्ट्यांत पडलेला अल्युमिनियमचा कीस झाडून काढावा. पहिल्या फेरीनंतर भोकांमधील पत्र्यावर खालून बोट फिरवून बारीक चीर गेली आहे काय, तें पाहावें. चीर आढळल्यास तिच्या टोंकाशीं आणखी एक लहान भोक पाडतात, म्हणजे ती तेथेंच थांबते, आणि मग वरून पत्र्याची पट्टी रिबिटांनीं बसवितात.